उजवा कौल

सगळ्या कोंबड्या डालग्यात गेल्या होत्या, एक तुरेवाली तेवढी राहिली होती. ती गोठ्याच्या माळ्यावर चढून बसली होती आणि मी खाली उभी राहून तिला कधी गोडीगुलाबीने, कधी शिव्या घालून बोलावत होते. बाहेर पाणंदीतून गाव चाललं होतं. पुढे गुरं, मागे डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, त्यांच्या कडेवर पोरं, दोरीला बांधलेली कुत्री. सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला की ढोल वाजणार होता, आणि ढोल वाजायच्या आत गाव मोकळं व्हायला हवं होतं.

तेवढ्यात भामाकाकी अंगणात आली. पदर खांद्यावर नव्हता, पायात काही नव्हतं.

"शेवंते, बापूस खय तुजो?"

"देवळाकडे गेलेत. काय झाला गे?"

"द्वारकाचा काय खरा नाय. फाटेपासून रक्त जाता. नर्सबाय होडीन इल्ली. म्हणता, तिका कूस पण बदलूक देव नको. डोलीत घातलास तर खाडी गाठूच्या आधी आवस आणि प्वार, दोनय जातले."

द्वारका म्हणजे तिची सून. सातवा महिना होता. आधीची दोन पोरं पोटातच गेली होती, नवरा बोटीवर होता. आणि नेमकं आजच गाव सोडायचं होतं.

आमच्या कोंडसाळ गावात दर चार वर्षांनी गावपळण होते. भातं घरात आली की मार्गशीर्षात देव रवळनाथाला विचारायचं आणि तो सांगेल त्या दिवशी सगळ्यांनी गावाबाहेर पडायचं. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस राहत नाही, गुरं नाहीत, कुत्रं नाही, कोंबडं नाही. चूल विझवायची, दाराला नुसती कडी घालायची, कुलूप नाही, आणि खाडीपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या खोप्या बांधून राहायचं. ते तीन दिवस गाव देवाचं. चौथ्या दिवशी देव 'या' म्हणाला तर परत यायचं, नाही म्हणाला तर तिथेच बसायचं. मालकाने चार वर्षांतून तीन दिवस आपलंच घर मागितलं तर कुळाने का म्हणून विचारू नये, असं माझे बाबा म्हणत.

बाबा देवळाचे गुरव. धोंडू गुरव. देवाचं म्हणणं काय ते गावाला सांगायचं काम त्यांचं.

आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, मी एकोणीस वर्षांची होते, आणि त्या चार वर्षांत मी बाबांना एकदाही हाक मारली नव्हती. भांडण असं काही नव्हतं. पान वाढलं की मी मांजराला सांगे, "मने, जेवण झाला गो." बाबा उठून पाटावर बसत. त्यांना काही सांगायचं असलं तर तेही मनीलाच सांगत, "मने, आज बाजारातसून मीठ हाडूक व्हया." आमच्या घरातलं जितकं त्या मांजरीला माहीत होतं तितकं गावच्या तलाठ्यालाही नसेल. आज या गोष्टीला पन्नासेक वर्षं झाली. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

आई मागच्या गावपळणीत गेली. ती तापाने फणफणलेली होती, शुद्धीवर नव्हती. तिला घरात ठेवू का, असं बाबांनी देवाला विचारलं, आणि देवाने डावा कौल दिला असं मंडपात येऊन सांगितलं. डावा म्हणजे नाही. आईला खाटेवर घालून खाडीपलीकडे नेली. दोन रात्रींच्या दवाने तिच्या अंगावरची गोधडी पिळून काढावी इतकी भिजली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खोपीतच गेली. गाव म्हणालं, गुरव असावा तर असा. सख्ख्या बायकोसाठीसुद्धा देवाचा शब्द मोडला नाही. तेव्हापासून बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

तुरेवालीला माळ्यावर सोडून मी भामाकाकीबरोबर देवळाकडे धावले.

बाबा पायरीवर बसून ढोलाची दोरी आवळत होते. भामाकाकीने सगळं सांगितलं आणि त्यांच्यापुढे बसकण मारली.

"धोंडूभाव, देवाक विचारा. तेवढीच एक ती घरात रवात. मी तुमच्या पाया पडतंय."

"भामा, देवान जावक सांगल्यान आसा. आता परत कित्याक विचारूचा?"

"माज्यासाठी नको. त्या चेडवासाठी, माज्या सुनेसाठी विचारा."

बाबा दोरी आवळत राहिले. गाठ कधीच बसली होती, तरी आवळत होते.

"विचारला म्हणजे मगे आयकूक व्हया," ते म्हणाले.

भामाकाकीला वाटलं, देव नाही म्हणेल म्हणून गुरव घाबरतो आहे. ते कशाला घाबरत होते, ते तिला कळणं शक्य नव्हतं. मांजर डालग्यात होतं, म्हणून मी देवळाच्या खांबाला सांगितलं,

"तांब्यात पाणी भरलंय मी."

बाबा उठले.

आमच्या देवळाचा गाभारा बुटका आणि काळोखा आहे. आत गुरव, आणि उंबऱ्यात तांब्या धरणारं त्याच्या घरचं एक माणूस, एवढीच जागा. बाकी गाव मंडपात. पूर्वी तांब्या आई धरायची. ती आजारी पडली आणि तो माझ्या हातात आला. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारून थांबायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कधी घटकाभर काहीच पडत नाही आणि मंडपात पोरं रडायला लागतात.

भामाकाकीच्या मागोमाग वाटेतली बरीच माणसं मंडपात जमली होती. ज्यांना खाडी ओलांडायची घाई होती तेही बोचकी घेऊन परत आले होते. बाबांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, द्वारका म्हणान तुजा लेकरू आसा. तिका उठूची सोय नाय. तिका आणि तिच्या सोबतीक एका माणसाक ह्या तीन दिसात गावात रवाक देतलंस काय? तुका काय सांगूचा ता सांग."

आत गारवा होता. समईचा उजेड पाषाणाच्या अर्ध्यापर्यंतच पोचत होता, आणि वरचा देव असा दिसत होता की आहे म्हटलं तर आहे. मी तांब्या धरून उभी होते. मग उजव्या खांद्यावरची पाकळी कडेने सुटली, जरा थांबली, आणि पाण्याच्या थेंबासकट खाली घसरली.

मी ती पडताना बघितली आणि मग बाबांच्या तोंडाकडे बघू लागले. पाकळीचं काम झालं होतं. आता काय ते या तोंडातून बाहेर पडणार होतं.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत आम्ही एकमेकांकडे असं पाहिलं नव्हतं. माझ्या जिभेवर शब्द तयार होते. ते बोलले नसते तर मी बोलले असते, असं मला आजही वाटतं. पण वाटणं आणि करणं यात किती अंतर असतं, ते मला पंधराव्या वर्षीच कळलं होतं.

बाबा वाकून गाभाऱ्याबाहेर गेले.

"उजवो," ते म्हणाले. "द्वारकान घरातच रवाचा."

भामाकाकी मोठ्याने रडायला लागली. मग शाबाजी गावकर पुढे आले. गावाचे मुख्य मानकरी ते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना चार नातवंडं होती आणि गावात कुणी मागे राहिलं तर देव गावावर उलटतो, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं. त्यांच्या लहानपणी म्हणे एक जण आपले नारळ राखायला माळ्यावर लपून बसला होता. चौथ्या दिवशी तो सापडला तेव्हा त्याचं तोंड वाकडं होतं आणि पुढे जन्मभर तो कुणाशी बोलला नाही.

"धोंडू, परत सांग."

"उजवो कौल इलो."

"तुज्या बायलेक, सरसूक नको म्हटल्यान, आणि ह्या चेडवाक होय? देव आता माणूस बघून कौल देता काय?"

बाबांचे हात ओले होते, ते त्यांनी धोतराला पुसले.

"भामान काय घातल्यान तुज्या पदरात?" मागून कुणीतरी म्हणालं. बाबांच्या जन्मात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. ते ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं, मला माहीत नाही.

शाबाजींनी हात वर केला. "बरा. देवाचो शब्द मोडणारो मी कोण? रवांदे ती. पण सोबतीक भामा नको. गुरवान सांगल्यान तर गुरवाच्या घरचा माणूस रवात. कौल खरो असात तर देव राखीत. खोटो असात तर काय ता तुज्या घरावर येतला, गावावर नाय."

गुरवाच्या घरचं माणूस म्हणजे मी. आमच्या घरात दुसरं होतं कोण? मांजर.

बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "रवशीत?"

सरळ मला विचारलं. मी मान हलवली.

निघताना त्यांनी पोह्यांची पिशवी, गुळाची ढेप आणि स्वतःचं घोंगडं माझ्यापुढे ठेवलं. "चूल पेटवू नको. दिवो लावू नको. सांज झाली की दार ओढून घे," एवढं म्हणाले. मनीचं डालगं त्यांनी काखोटीला मारलं. मग ढोल वाजला. तो पाणंदीतून गेला, खाडीवर गेला, पाण्यावरून पलीकडे गेला, बारीक होत होत थांबला.

मी गाव इतकं गप्प कधी ऐकलं नव्हतं. कोंबडं नाही, कुत्रं नाही, रहाटाचा आवाज नाही. माडाचं एखादं झाप सुटून पडलं की सगळ्या वाडीभर ऐकू जायचं. उन्हं अंगणाअंगणातून चालत जात आणि त्यांना अडवायला कुणी नव्हतं. कुणाच्या तरी ओटीवर सूप तसंच पडलं होतं, तुळशीपुढची रांगोळी मोडायला पाय नव्हते, दोरीवर एक विसरलेलं झबलं वाऱ्याने हात हलवत होतं. मी पाणी आणायला जाई तेव्हा माझी मलाच चाहूल लागे आणि मी हळू चालायला लागे. वाटे, आपण कुणाच्या तरी झोपेतून चाललोय, जरा पाय वाजला तर तो जागा होईल आणि मग आपण असणार नाही.

माझी तुरेवाली कोंबडी मात्र माळ्यावरच होती. देवाने तिला काही केलं नाही. रोज अंडं तेवढं घालत होती.

द्वारका खाटेवर उताणी पडून होती, पायांखाली भाताचं पोतं. नर्सबाईंनी तसंच सांगितलं होतं. मी तिला भिजवलेले पोहे आणि खोबरं भरवायची, शहाळं पाजायची, कपडे बदलायची. पहिल्या दिवशी कपडे लाल होत होते. मी ते तिला दिसू नयेत म्हणून लपवून न्यायची, आणि ती मला दिसू नये म्हणून वर कौलांकडे बघायची.

"शेवंते, तुका भिया वाटता?"

"नाय."

"माका वाटता. देव दारात इलो तर मी अशी आडवी. पाय पण देवळाच्या दिशेक."

"देवाक म्हाईत आसा तुका उठूक बंदी आसा. तेणाच घातली ना?"

ती हसली, आणि हसताना हात पोटावर ठेवला. मग जरा वेळाने म्हणाली, "तू बापाशीवांगडा बोलणंस नाय ता खरा?"

"मांजरावांगडा बोलतंय मां."

"कित्याक पण? तेनी काय केल्यानी? देवानच नको म्हटल्यान होता."

मी उठून तांब्या भरायला गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती झोपली होती आणि मी उंबऱ्यात बसले होते. पाणंदीतून वहाणा वाजत आल्या. आमच्या देवाला लोक नवसाच्या मोठाल्या चामडी वहाणा वाहतात, त्या गाभाऱ्याच्या कोपऱ्यात असतात. नव्या चामड्याची ती करकर मला लहानपणापासून ओळखीची. सावकाश, दमाने, घाई नसलेल्या माणसाच्या चालीने ती जवळ आली आणि अंगणाच्या बेड्यापाशी, म्हणजे बांबूच्या फाटकापाशी थांबली. मी मान खाली घातली. मातीकडे बघत राहिले. माझ्या मनात मागायचं असं काहीच आलं नाही. फक्त एवढंच आलं की, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही आहोत. मग करकर पुढे गेली.

"कोण गे?" आतून द्वारकाने विचारलं.

"कोण नाय. झाप पडला."

मी भ्याले होते का? नाही. झोपेत आई अंगावरचं पांघरूण सारखं करते तेव्हा आपण अर्धवट जागे असतो आणि डोळे उघडत नाही, तसं काहीतरी वाटत होतं. त्या दुपारनंतर द्वारकाचे कपडे कोरडे यायला लागले.

संध्याकाळी मी तिचं लुगडं धुवायला खाडीच्या काठी गेले. पलीकडे माळावर खोप्या, धूर, पोरांचा गलका. आणि सगळ्यांपासून लांब, पाण्याच्या अगदी कडेला एक धोतरातला माणूस उभा होता. त्याने हात केला नाही, मीही केला नाही. मी धुतलेलं फिकट लुगडं दोन माडांच्या मध्ये पसरून वाळत घातलं. त्याच्यावर डाग नव्हता. तो माणूस बराच वेळ त्या लुगड्याकडे बघत राहिला आणि मग खोप्यांकडे वळला. तिसऱ्या दिवशीही तो तिथेच होता, आणि लुगडंही.

चौथ्या दिवशी सकाळी खाडीवर धुकं होतं. बाबा एकटे होडी वल्हवत आले. परतीचा कौल घ्यायला गुरवाने एकट्याने यायचं असतं.

"कशी आसा?"

"बरी आसा. काल थोडी उसळ मागत होती."

त्यांनी खाली बसून दोन्ही हात जमिनीला टेकवले. मग आम्ही देवळात गेलो. वहाणांकडे मी बघितलं नाही. काही गोष्टी बघू नयेत.

मी उंबऱ्यात तांब्या धरला. बाबांनी पाकळ्या लावून मोठ्याने विचारलं, "लेकरांका घराक हाडू काय?" उजवी पाकळी लगेच पडली. काम झालं होतं. पण बाबा उठले नाहीत. त्यांनी तांब्यात बोटं बुडवून आणखी दोन पाकळ्या भिजवल्या आणि लावल्या. या वेळी त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले. मग ते थांबून राहिले. समईतली वात एकदा पुढे सारावी लागली. मला वाटलं, काहीच पडणार नाही. आणि मग पडली. उजवी.

"बरा," बाबा म्हणाले. वडीलधाऱ्याने उन्हातान्हाचं काम सांगितल्यावर आपण म्हणतो, तसं.

बाबांनी खाडीकाठी येऊन पलीकडे हाक दिली आणि गाव निघालं. गावाच्या शिवेवर एक उभा धोंडा आहे. सगळे होड्यांमधून येऊन त्याच्यापलीकडे उभे राहिले होते, बोचकी, पोरं, गुरं, कुत्री घेऊन. गाऱ्हाणं झाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. मी सांगितलं, द्वारका बरी आहे, पोटातलं हलतंय. भामाकाकीने तोंडात पदर कोंबला. बायकांमध्ये गलबला उठला. आणि शाबाजी गावकर सगळ्यांसमोर पुढे आले, डोक्यावरची टोपी काढली.

"धोंडू, मी नको ता बोललंय. तुजो कौल खरो. तुज्यासारखो खऱ्याचो गुरव आमका गावलो, ह्या आमचा नशीब."

"होय, होय," लोक म्हणाले. "तोंडात किडे पडतले तेका वायट बोलणाऱ्याच्या!" ज्याने मागून टोमणा मारला होता तोच हे सगळ्यात मोठ्याने म्हणत होता.

बाबांनी धोंड्याशी तांब्या ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गुरवाने एकेक वाक्य बोलायचं आणि पुरुषांनी एका आवाजात होकार भरायचा, अशी रीत.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज तुजी लेकरां तीन दिस भायर रवान तुज्या शिमेर येवन उभी आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेंच्या हातसून काय चुकला माकला असात, ता पोटात घाल, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

यापुढे एकच वाक्य असतं, की सगळ्यांना सुखरूप घरी घे. माणसांनी बोचकी उचलायला सुरुवातही केली होती. बाबा थांबले.

"चार वर्सांमागे," ते म्हणाले, "ह्या धोंडू गुरवान तुका विचारल्यान, बायल तापान पडली आसा, घरात ठेवू काय? तू तेका उजवो कौल दिलंस, म्हाराजा!"

"होय म्हा…" सवयीने काहीजण म्हणाले आणि मध्येच थांबले.

"लोक म्हणतले, गुरवान आपल्या बायलेसाठी कौल फिरवल्यान. ह्या भियान तेणा भायर येवन डावो सांगल्यान. तुजो शब्द मोडल्यान, आणि तिका मारल्यान, म्हाराजा!"

कुणीही होकार भरला नाही. कुठल्याशा डालग्यात एक कोंबडी पुटपुटत होती तेवढीच. शाबाजींची टोपी त्यांच्या हातातच होती. बाबा जोडलेले हात खाली न घेता उभे होते. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. मला वाटलं, आता ते असेच उभे राहणार, जन्मभर.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

गाऱ्हाण्यात बायका बोलत नाहीत. सगळ्यांनी माना वळवल्या.

"तांब्यो माज्या हातात होतो," मी म्हटलं. "उजवी पडलेली मी बघलंय. मी पण गप रवलंय. आवस माजी होती आणि मी गप रवलंय."

इतकी वर्षं मी बाबांना मनातल्या मनात फाशी देत आले होते. त्या दोरीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं, हे मला ते बोलताना कळलं.

बाबांनी डोळे मिटले आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. "ह्या गुरवाक काय ती शिक्षा कर, पण ह्या लेकरांका सुखरूप घराक घे, म्हाराजा!"

आधी एकच आवाज आला. तो शाबाजींचा होता. मग हळूहळू बाकीचे आले. "होय म्हाराजा."

शाबाजींनी हात पुढे केला. बाबांनी धोंड्याशी ठेवलेला तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. चार पिढ्या आमच्या घरात असलेला तांब्या. दुसऱ्या दिवसापासून पूजा माझ्या चुलत काकांकडे गेली आणि ती आजही त्यांच्याच घरात आहे.

मग गाव आत शिरलं. भामाकाकी कुणाकडेही न बघता घराकडे धावत सुटली. तिच्यामागे गुरं, शेळ्या, पोरं, बोचकी. सगळे बाबांच्या दोन्ही बाजूंनी गेले, पाण्यात खांब असला की पाणी जातं तसे. कुणी वाईट बोललं नाही, कुणी थांबलंही नाही. दूरवर पहिलं कोंबडं आरवलं. कुणाच्या तरी घरातून धूर निघाला.

द्वारकाला दोन महिन्यांनी मुलगा झाला. आज तो तांडेल आहे, मोठ्या बोटीवर. मला मावशी म्हणतो.

धूळ बसली तेव्हा शिवेपाशी आम्ही दोघंच उरलो होतो. मी धोंड्याच्या आत, ते धोंड्याच्या बाहेर. त्यांच्या पायाशी डालगं होतं आणि त्यात मनी तीन दिवसांचा राग काढत ओरडत होती. बाबा खाली वाकले. माझ्याकडे न बघता त्यांनी डालग्याच्या भोकातून तिच्या डोक्यावर बोट फिरवलं.

"मने, शेवंतीक सांग, तू फुडे हो. मी येतंय मागसून."

मी धोंड्याबाहेर गेले आणि डालगं उचलून कडेवर घेतलं.

"मनीक कित्याक सांगतास?" मी म्हटलं. "माका सांगा, बाबा."